जीर्णोद्धार की प्रायश्चित्त?

तत्त्वज्ञान शिकविणाऱ्याच्या वर्गात दरवर्षी एक जहाज येऊन नांगर टाकते. थीसिअस या वीराचे जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले. त्याची जी फळी कुजे ती काढून तिच्या जागी ते नवी बसवीत. आणि असे होता होता हे जहाज तेच राहिले की दुसरे झाले, असा वाद पंडितांत माजला, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. सतराव्या शतकात हॉब्जने त्यात आणखी एक पेच घातला. काढून टाकलेल्या फळ्या एखाद्याने जमवून त्याच क्रमाने जोडल्या आणि दुसरे जहाज उभे केले, तर त्या दोहोंपैकी खरे कोणते? मुलांना हा प्रश्न फार आवडतो. आपल्याकडचा म्हणून मी त्याच्या जोडीला मिलिंदप्रश्नातला नागसेनाचा रथ उभा करतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही रथ नव्हे. मग रथ तो कोणता? तास संपतो, मुले हसत बाहेर पडतात आणि जहाज पुढच्या वर्षापर्यंत बंदरात विसावते. गेली सत्तावीस वर्षे हा क्रम चालला आहे. एवढ्या काळात या प्रश्नाने माझी झोप एकदाही मोडली नाही, हे कबूल केलेच पाहिजे.

ती मोडली ती गेल्या उन्हाळ्यात, आणि तीही एका गंजलेल्या ट्रॅक्टरामुळे.

माझी धाकटी बहीण कॅलिफोर्नियात स्टॉक्टन शहराच्या बाहेर राहते. महाविद्यालयाला सुटी लागल्यावर दोन महिने मी तिच्याकडे होतो. तिच्या कुंपणापलीकडे एक म्हातारे गृहस्थ राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे, अंगाने उंच, बोलण्यात अत्यंत काटकसरी. त्यांच्या घरामागे पत्र्याचे एक मोठे वर्कशॉप आहे आणि त्यात साखळीपट्ट्यांवर चालणारा एक जुना ट्रॅक्टर गेली सहा वर्षे सुटा होऊन पडला आहे. बहीण म्हणाली, "दादा, तुझ्यासारखेच आहेत ते. दिवसभर एकाच गोष्टीचा कीस काढीत बसतात." उपमेतला आहेर मी निमूटपणे स्वीकारला आणि दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडे गेलो. पुढे जाण्याचा नेमच झाला. मी खुर्चीवर बसावे, त्यांनी काम करावे, आणि अधूनमधून एखादा पाना मी उचलून द्यावा, इतकाच आमचा व्यवहार.

या यंत्राचे आणि त्या भूमीचे नाते जुने आहे. स्टॉक्टनच्या पश्चिमेस दोन नद्यांच्या मुखाशी जो दलदलीचा प्रदेश आहे, त्यातली माती म्हणजे हजारो वर्षे कुजलेल्या लव्हाळ्यांचा थर. रंगाने काळी, वजनाने हलकी आणि पायाखाली गादीसारखी दबणारी. बांध घालून तेथले पाणी उपसले तेव्हा उत्तम पीक देणारी जमीन हाती आली खरी. परंतु तिच्यावर पाय ठरेना. घोड्यांच्या खुरांना रुंद पाट बांधून लोक नांगरट करीत. वाफेची यंत्रे आली ती रुतू लागली, म्हणून त्यांची चाके रुंद करण्यात आली. आणि ती इतकी रुंद होत गेली की एकेका यंत्राची रुंदी चाळीस फुटांच्या वर गेली. बेंजामिन होल्ट या स्टॉक्टनच्या कारखानदाराने हा मार्गच सोडून दिला. चाक रुंद करण्याऐवजी त्याने यंत्राखाली रस्ताच आणून ठेवला. म्हणजे यंत्र स्वतःच आपल्यापुढे फळ्यांचा रस्ता अंथरते, त्यावरून जाते आणि मागचा रस्ता गुंडाळून पुन्हा पुढे टाकते. २४ नोव्हेंबर १९०४ रोजी रॉबर्ट्स बेटावर त्याचा प्रयोग झाला. असा पट्टा सुचलेला होल्ट हा पहिलाच मनुष्य नव्हे. अमेरिकेच्या मेन संस्थानातल्या लोंबार्डने लाकडे ओढण्याच्या यंत्रासाठी १९०१ मध्येच तसा हक्क नोंदविला होता आणि इंग्लंडातही त्याच सुमारास कोणी त्या खटपटीत होते. शोधांचे पितृत्व हा नेहमीच तंट्याचा विषय! मात्र हे यंत्र सुरवंटासारखे सरपटते, असे एका छायाचित्रकाराच्या तोंडून निघून गेले आणि 'कॅटरपिलर' हे नाव जगभर पसरले ते होल्टच्याच यंत्रामुळे. १९२५ साली होल्टची आणि त्याच्या प्रतिस्पर्धी बेस्टची अशा दोन्ही कंपन्या एक झाल्या, आणि त्या एकीकरणानंतर १९२७ च्या अखेरीस 'ट्वेंटी' नावाचा जो लहान ट्रॅक्टर बाजारात आला, त्यांपैकीच एक आमच्या म्हाताऱ्यांच्या वर्कशॉपात होता. चार सिलिंडरांचे पेट्रोलचे इंजिन, वजन तीनसाडेतीन टन, ओढण्याची शक्ती पंचवीस घोड्यांच्या आसपास. त्याला वळविण्यासाठी चक्र नाही. दोन हातदांडे आहेत. उजवा ओढला की उजव्या पट्ट्याची शक्ती तुटते आणि यंत्र उजवीकडे वळते. बैलाच्या कासऱ्याची आठवण व्हावी अशीच ही रीत.

या यंत्राची जात आपल्या देशाला परकी नाही. स्वातंत्र्यानंतर कांस गवताने गिळलेल्या लक्षावधी एकर जमिनी मोकळ्या करण्यासाठी मध्य हिंदुस्थानात असेच साखळीचे अवजड ट्रॅक्टर आणले गेले. १९४९ साली जागतिक बँकेने आपल्याला जे एक कोटी डॉलरांचे कर्ज दिले ते अशाच यंत्रांसाठी होते. पण तो विषय निराळा आहे.

म्हाताऱ्यांच्या वडिलांनी हा ट्रॅक्टर दुसऱ्या महायुद्धानंतर जुनाच विकत घेतला. डेल्टातल्या एका बेटावर ते खंडाने शेती करीत. बटाटे आणि शतावरीच्या कोंबांची भाजी ही मुख्य पिके. वीस वर्षे ट्रॅक्टर राबला. मग वडील अंथरुणाला खिळले आणि ट्रॅक्टर गोठ्याच्या वळचणीला उभा राहिला. या यंत्राच्या धुराड्याची नळी सरळ आकाशाकडे तोंड करून असते. यंत्र उभे करून ठेवायचे असेल तेव्हा तिच्यावर एक पत्र्याचा डबा उपडा घालावा लागतो. नाही तर पावसाचे पाणी नळीतून आत उतरते, झडपांतून सिलिंडरात जाते आणि पिस्टनाला गंजवून भिंतीशी जखडून टाकते. साधा रिकामा डबा, किंमत शून्य. वडील अंथरुणावरून रोज एक प्रश्न विचारीत, "डबा घातलास ना?" मुलगा वीस-एकवीस वर्षांचा होता, शहरात मित्र होते, जाणेयेणे होते. तो म्हणे, "घातला." एका हिवाळ्यात डबा वाऱ्याने उडून गेला, हे त्याने पाहिले होते. उद्या घालू, असे म्हणता म्हणता पावसाळा निघून गेला. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो. वसंतात कोणी ट्रॅक्टर विकत घ्यायला आला, त्याने हँडल फिरवून पाहिले, तर ते जागचे हलेना. वडिलांना हे कळले की नाही, ते मुलाला ठाऊक नाही. त्याच महिन्यात ते वारले.

ही हकीगत त्यांनी मला सलग सांगितली नाही. तीन आठवड्यांत, पाच-सहा वाक्यांत, तीही इंजिनात डोके घालून सांगितली. मीच ती येथे जोडली आहे. तेव्हा हाही एक जीर्णोद्धारच समजावा.

आता प्रश्न असा की पन्नास वर्षांनी ते पिस्टन सोडविल्याने नेमके काय सुटते?

प्रथम ते सोडविण्याची क्रिया सांगतो, कारण विचाराचा धागा तिच्यातूनच निघतो. जखडलेल्या पिस्टनावर बळ चालत नाही. सिलिंडराचे डोके काढून प्रत्येक सिलिंडरात पातळ तेल आणि ॲसिटोन यांचे मिश्रण ओतायचे आणि थांबायचे. ते गंजाच्या फटीतून केसागणिक उतरते. आठवड्याने पिस्टनाच्या माथ्यावर कठीण लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोकायचे. पुन्हा तेल, पुन्हा थांबणे. त्यांचा पहिला पिस्टन सतराव्या दिवशी हलला. दुसरा आणि तिसरा महिन्याभराने. चौथा वर्षभरातही हलला नाही. अखेर तो फोडून तुकड्यातुकड्याने काढावा लागला, आणि त्या दिवशी आपण वर्कशॉप बंद करून दोन महिने तिकडे फिरकलो नाही, असे त्यांनी मला सांगितले. चारांत तीन सुटले, हे यश फार मोठे आहे, असे मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिले मात्र. एखाद्याने चार मुलांपैकी तीन वाचली असे सांत्वन करावे तसे ते झाले असावे.

चौथ्या पिस्टनासाठी त्यांनी त्याच जातीचा आणखी एक मोडका ट्रॅक्टर विकत घेतला. या छंदातल्या लोकांची ही सर्रास पद्धत आहे: एक उभा करण्यासाठी दुसरा सोलायचा. तो दुसरा ट्रॅक्टर परसात गवतात उभा होता. त्याचा एक पिस्टन, एक पट्टा, चुंबकपेटी आणि पाण्याची टाकी एवढे जिन्नस पहिल्यात गेले. आणि पहिल्यातले निकामी झालेले जिन्नस त्याच्यावर नेऊन ठेवलेले होते. मी ते पाहिले आणि जागच्या जागी थबकलो. हॉब्जचे दुसरे जहाज माझ्यापुढे उभे होते! वडिलांनी जो पिस्टन वीस वर्षे चालविला, मुलाच्या आळसाने जो गंजला, त्याचे तुकडे गवतातल्या सांगाड्यावर एका डब्यात पडलेले आणि वर्कशॉपातल्या ट्रॅक्टरात परक्याचा पिस्टन. ज्या वस्तूचा अपराध घडला ती यांपैकी कोणती?

वर्गात हा प्रश्न निव्वळ बुद्धीचा असतो, कारण तेथे त्या जहाजाशी कोणाचे देणेघेणे नसते. येथे होते. प्रायश्चित्त घ्यायचे तर ज्याचा अपराध केला त्याच्यापुढेच घेतले पाहिजे. वडील गेले, म्हणून मुलगा त्यांच्या वस्तूपुढे उभा राहिला. पण ती वस्तूही एकेक जिन्नस करून बदलत चालली असेल, तर अखेर तो कोणापुढे उभा असेल? जितका ट्रॅक्टर दुरुस्त होईल तितका वडिलांचा ट्रॅक्टर नाहीसा होईल, असा हा विचित्र पेच आहे.

मी माझ्या व्यवसायाला अनुसरून त्यांना एक उत्तर सुचविले. वस्तूचे वस्तूपण तिच्या द्रव्यात नसून तिच्या आकारात आणि कार्यात असते, असे ॲरिस्टॉटलच्या परंपरेतले लोक म्हणतात. तेव्हा पिस्टन कोणताही असो, ट्रॅक्टर तोच. ते म्हणाले, "प्रोफेसर, तसे असेल तर माझ्या वडिलांचा ट्रॅक्टर कधी बिघडलाच नाही. कारण त्या आकाराचे पुष्कळ ट्रॅक्टर त्या वेळी चालू होते." हे उत्तर एखाद्या विद्यार्थ्याने दिले असते तर मी त्याला पूर्ण गुण दिले असते.

त्यांच्या मनाला लागलेला पेच वास्तविक निराळाच होता आणि तो रंगाचा होता. या जातीचे ट्रॅक्टर कारखान्यातून करड्या रंगाने बाहेर पडत. डिसेंबर १९३१ मध्ये कंपनीने करडा सोडून पिवळा रंग घेतला आणि तोच पुढे तिची खूण झाला. म्हाताऱ्यांचा ट्रॅक्टर त्याच्या आधीचा, म्हणजे मूळचा करडा. परंतु वडिलांनी तो घेतला तेव्हा शेजारच्यांकडे नवे पिवळे ट्रॅक्टर आलेले. आपला जुनाट दिसू नये म्हणून त्यांनी एका रविवारी कुंचला घेऊन तो पिवळा करून टाकला. रंग जाड बसला, ओघळ आले, कुंचल्याचे केस त्यात चिकटून राहिले. इंजिनावरच्या पत्र्यावर ते केस मी भिंगातून पाहिले. आता ट्रॅक्टर रंगवायचा तर कोणत्या रंगाने? छंदी मंडळींचे मत एकमुखी होते: करडा, कारण तोच खरा. कारखान्याच्या दृष्टीने पाहता ते खरे आहे. परंतु मुलाने आयुष्यात हा ट्रॅक्टर करडा कधीच पाहिला नव्हता. त्याच्या लेखी करडा रंग ही ऐकीव गोष्ट आणि पिवळा ही आठवण.

आपल्याकडेही हा प्रश्न अगदी अपरिचित नाही. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे जाड लेप २०२२ साली काढण्यात आले, तेव्हा खालचे कोरीव रूप पाहून भाविकांना आनंद झाला. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी शेंदराचेच रूप पुजले, त्यांची देवी कोणती होती? रस्किनने तर १८४९ मध्येच जुन्या इमारतींच्या जीर्णोद्धाराला असत्याचरण ठरविले. वास्तूवर काळाने जे केले ते पुसून टाकून, न घडल्यासारखे दाखविणे, हा त्याचा आक्षेप. त्याच विचाराने विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. मला एके काळी रस्किनचे म्हणणे थोडे सोवळे वाटे. आता ट्रॅक्टराच्या बाबतीत त्यात तथ्य दिसू लागले आहे. ज्याने अपराध केला तोच जर त्याच्या खुणा पुसू लागला, तर ते प्रायश्चित्त की पुराव्याचा नाश?

परंतु रस्किनचा नियम ट्रॅक्टराला सर्वस्वी लावता येत नाही, हेही तितकेच स्पष्ट आहे. देऊळ पडके असले तरी देऊळच राहते; न चालणारा ट्रॅक्टर म्हणजे लोखंडाचा ढीग. त्याला जुनेपण राखायला सांगणे म्हणजे त्याला मेलेला ठेवायला सांगणे. शिवाय जुने ते सगळे राखण्याजोगे नसते. त्या काळी क्लचच्या आणि ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. रंगात शिसे असे. यांनी माणसांची फुप्फुसे आणि रक्त नासते, हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. म्हाताऱ्यांनी जुनी अस्तरे ओली करून, तोंडाला जाळी बांधून काढली आणि त्यांच्या जागी नव्या पदार्थाची बसविली. तेथे निष्ठेचा प्रश्न त्यांच्या मनात क्षणभरही आला नाही. म्हणजे मूळ वस्तूशी प्रामाणिकपणा हे अंतिम तत्त्व नव्हे. त्याच्यावर दुसरे काही आहे.

साखळीच्या बाबतीत मी एक मौजेची गोष्ट पाहिली. पट्ट्याच्या कड्या ज्या खिळ्यांनी व नळकांड्यांनी जोडलेल्या असतात, ती एकाच बाजूने झिजतात, कारण ओढ नेहमी एकाच दिशेने असते. अशी झिजलेली साखळी टाकून देत नाहीत. प्रचंड दाबयंत्राखाली घालून खिळे व नळकांडी बाहेर काढतात, त्यांना अर्धे फिरवितात आणि न झिजलेली बाजू कामाला लावून पुन्हा ठोकतात. लोखंड तेच, आयुष्य नवे. मी त्यांना म्हणालो की माणसाचेही असे करता आले असते तर! ते म्हणाले की त्यासाठी शंभर टनांचा दाब लागतो.

आता कोणी वाचक म्हणतील की हे सारे भाबडेपण आहे. एका निरुपयोगी यंत्रावर सहा वर्षे आणि एका नव्या मोटारीइतका पैसा घालविणे, ही सुखवस्तू देशातल्या निवृत्त माणसाची चैन. तिला प्रायश्चित्ताचे भारदस्त नाव कशाला? आपल्याकडचा मिस्त्री ट्रॅक्टर दुरुस्त करतो तो उद्याची नांगरट अडली म्हणून. त्याला मूळ रंग कोणता होता, हे विचारायला फुरसत नसते. त्याच्या हातची दुरुस्ती गरजेने शुद्ध झालेली असते. हा आक्षेप मला सहजी उडवून लावता येत नाही. एवढेच म्हणतो की ऋण फेडण्याचा प्रश्न मुळी फुरसत मिळाल्यावरच सुचतो. त्या मुलाला विसाव्या वर्षी फुरसत नव्हती, म्हणून तर डबा राहिला.

उलट बाजूने कोणी यास निष्काम कर्माचे उदाहरण म्हणेल. तसे म्हणण्याचा मोह मलाही झाला होता. पण ते खोटे ठरेल. म्हाताऱ्यांना फळाची इच्छा आहे आणि ती अगदी उघड आहे. त्यांना ते इंजिन सुरू झालेले ऐकायचे आहे. त्याचा आवाज कसा होता ते त्यांनी मला तोंडाने करून दाखविले.

आणि ज्या यंत्राची ही पूजा चालली आहे, त्याचे चरित्र तरी निष्कलंक आहे काय? पहिल्या महायुद्धात होल्टचे ट्रॅक्टर तोफा ओढीत होते, आणि इंग्रजांचा रणगाडा ज्या कल्पनेतून निघाला तिच्यात या साखळीचा वाटा होता. १९१८ साली इंग्रज सेनाधिकारी स्विंटन हे स्टॉक्टनला येऊन होल्टचे जाहीर आभार मानून गेले. जॉन स्टाइनबेकच्या १९३९ च्या कादंबरीत कुळांची घरे जमीनदोस्त करतो तो हाच ट्रॅक्टर. खुद्द डेल्टाची कथा याहून विषण्ण करणारी आहे. पाणी उपसल्यावर ती लव्हाळ्यांची माती उघडी पडली, हवेशी संयोग पावून जळावी तशी हळूहळू विरू लागली, आणि बेटे वर्षानुवर्षे खचत गेली. आज त्यांतली कित्येक समुद्रसपाटीहून वीस फूट खाली आहेत आणि केवळ बांधांच्या आधाराने कोरडी आहेत. एका संध्याकाळी म्हाताऱ्यांनी मला त्या बांधावर नेले. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला शेत. आणि नदीचे पाणी शेताच्या कितीतरी वर. वडिलांनी खंडाने केलेली जमीन कोठे आहे, असे मी विचारले. त्यांनी खाली बोट दाखविले नाही, हवेत, आमच्या डोक्याच्या उंचीवर, हात आडवा धरला आणि म्हणाले, "साधारण येथे होती."

मग वडिलांच्या यंत्राशी निष्ठा ठेवणे म्हणजे या खचलेल्या जमिनीच्या कारणाशीही निष्ठा ठेवणे नव्हे काय? मला वाटते, ऋणाचे असेच असते. ज्यांचे आपण देणे लागतो ते निर्दोष होते म्हणून आपण लागतो, असे नाही. ते वडील मुलाशी कठोर होते. सोळा वर्षांचा होईपर्यंत त्याला त्यांनी दांड्याला हात लावू दिला नाही. पण डब्याबद्दल त्यांनी विचारले होते आणि मुलाने 'घातला' असे सांगितले होते. बाकी हिशेब काहीही असो, ही एक रक्कम स्वतंत्र उभी राहते.

आणि ती फिटते काय? माझे पहिले मत असे होते की फिटत नाही. मेलेल्याला सांगितलेले असत्य परत घेता येत नाही. ते ऐकणारा उरलेला नाही. पिस्टन सुटला तरी शब्द सुटत नाही. हे मी त्यांना बोलून दाखविले आणि लगेच पस्तावलो. ते बराच वेळ एका बेअरिंगला निळा रंग लावून, तो कोठे उमटतो ते पाहून, पात्याने त्याचा उंचवटा खरवडीत होते. शेवटी म्हणाले की आपण क्षमा मागण्यासाठी हे करीत नाही. वडिलांनी विचारले तेव्हा उत्तर खोटे होते. ते खरे व्हावे म्हणून करतो. इंजिन चालू होईल त्या दिवशी त्याच्यावर डबा घालीन, म्हणजे 'घातला' हे वाक्य खरे होईल. पन्नास वर्षे उशिरा, पण खरे.

यावर तर्कशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला बोलण्यासारखे पुष्कळ होते. विधान ज्या काळाविषयी असते त्या काळीच ते खरे किंवा खोटे ठरते. पुढच्या कोणत्याही कृतीने ते पालटत नाही. हे मी मुलांना शिकवितो आणि पुढेही शिकवीन. त्या दिवशी मात्र मी ते बोललो नाही, आणि ते केवळ सौजन्यामुळे नव्हे.

सातारा जिल्ह्यात आमची थोडी जमीन होती आणि विहिरीवर तेलाचे एक इंजिन होते. माझ्या वडिलांनी ते कर्ज काढून घेतले होते. त्याच्यावर मी शिकलो, असे म्हणायला हरकत नाही. विजेचा पंप आला आणि इंजिन बंद पडले. पुढे वडील आमच्याकडे पुण्यास राहावयास आले. दर दिवाळीला ते मला विचारीत, "इंजिनाला तेल पाजलेस का रे?" गावी जाऊन चक्र चार वेळा हाताने फिरवायचे, बेअरिंगांत तेल सोडायचे, गोणपाट झाकायचे, एवढेच त्यांचे मागणे. २००९ साली चुलतभावाने भंगारवाला आल्याचे फोनवर सांगितले. परीक्षेचे दिवस होते, टेबलावर उत्तरपत्रिकांचा ढीग होता. मी म्हणालो, देऊन टाक. त्यानंतर तीन दिवाळ्या वडील होते. तिन्ही वेळा त्यांनी विचारले आणि तिन्ही वेळा मी उत्तर दिले, "पाजले."

हे मी कोणाला सांगितले नव्हते, बहिणीलाही नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या वर्कशॉपात सांगितले. म्हाताऱ्यांजवळ निदान लोखंड उरले आहे. त्याला रंग करडा द्यावा की पिवळा, हा प्रश्न तरी उरला आहे. माझे इंजिन वितळून त्याचे काय झाले असेल, कोणत्या पुलाची सळई, कोणत्या घराचा गज, कोण जाणे. द्रव्य नाही, आकार नाही, कार्य नाही. आमच्या शास्त्रातल्या कोणत्याही मताने ते आता अस्तित्वात नाही. आणि तरी त्या तीन 'पाजले' जागच्या जागी आहेत.

त्यांनी पाना खाली ठेवला. सांत्वन केले नाही, उपदेशही केला नाही. फक्त विचारले, "वजन किती भरले?"

मी आकडा सांगितला. तीनशे पंच्याऐंशी किलो. तो इतकी वर्षे मला पाठ होता, हे मला त्या क्षणी कळले.

त्यांनी मान हलविली. मग बाकावरची तारेची घासणी उचलून माझ्या हाती दिली आणि डाव्या साखळीकडे बोट दाखविले. अंधार पडेपर्यंत मी गंज घाशीत होतो. ट्रॅक्टर अजून सुरू झालेला नाही. गेल्या महिन्यात बहिणीने कळविले की चुंबकपेटीची ठिणगी मिळत नाही, आणि पत्रा अजून तसाच, अर्धा पिवळा अर्धा करडा, भिंतीला टेकून उभा आहे.